डोकं खांबाला टेकवून वाचणारा माणूस

माझे आजोबा पेपर वाचायला बसले की डोकं ओटीवरच्या लाकडी खांबाला दाबून धरायचे. नुसतं आरामात टेकणं नाही. हनुवटी आत, डोक्याची मागची बाजू खांबाला घट्ट, जणू कोणी त्यांची उंची मोजतंय. त्या जागी खांब काळा, तुकतुकीत झाला होता. लहानपणी मी त्यांची नक्कल करायचो. सगळे हसायचे, आजोबाही हसायचे. २००९ साली ते गेले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. पुढे घर नव्याने बांधलं आणि खांबही गेला.

आमच्या उमेळ्यात मात्र आजोबांची ओळख वेगळीच होती. जुन्या माणसांना विचारलं तर ती थोडी थांबून, आवाज खाली आणून सांगत, "चांगला माणूस होता, पण दारूने गेला." गिरणीतली नोकरी दारूपायी गेली, रात्री स्टेशनवरून येताना बांधावरून शेतात पडायचे, आजीला कंदील घेऊन आणायला जावं लागायचं, ही सगळी कथा मी तुकड्या-तुकड्यांनी ऐकलेली. माझे वडील या विषयावर बोलायचेच नाहीत. आजी एवढंच म्हणायची, "पडायचे ते खरं आहे. बाकी लोकांचं तोंड कोण धरणार?"

हा लेख डोळ्यांविषयी आहे. नेमकं सांगायचं तर, आपण हलत असताना जग स्थिर कसं दिसतं आणि त्यासाठी डोळ्यापासून मेंदूपर्यंत कुठल्या तारा जोडलेल्या असतात, याच्या दोनशे वर्षांच्या शोधाविषयी. पण मी तिथे पोचलो तो त्या खांबामुळे, म्हणून सुरुवात तिथून.

*

आधी एक प्रयोग करा. आत्ता हा लेख ज्या फोनवर वाचताय, तो डोळ्यांसमोर धरा आणि वेगाने डावी-उजवीकडे हलवा, सेकंदाला दोन-तीन वेळा. अक्षरं पुसट होतील, वाचता येणार नाही. आता फोन स्थिर धरा आणि त्याच वेगाने मान 'नाही नाही' अशी हलवा. वाचता येतंय ना?

दोन्ही वेळा फोन आणि डोकं यांच्यातली हालचाल सारखीच होती. मग फरक कशाने पडला? दुसऱ्या वेळी तुमच्या कानाने तुमच्या डोळ्यांना मदत केली.

मी फोनच्या कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. चालता चालता काढलेला व्हिडिओ हलू नये, ही माझ्या टीमची रोजची डोकेदुखी. यासाठी आमच्याकडे मुख्यतः दोन मार्ग असतात. पहिला जायरोस्कोपचा: फोन किती आणि कुठे वळला हे एक छोटा सेन्सर लगेच सांगतो, आपण चित्र उलट्या दिशेने तेवढंच सरकवायचं. हा मार्ग वेगवान, पण त्याच्या मापात बारीक चूक असते आणि ती हळूहळू साचत जाते. दुसरा मार्ग चित्राचाच: आधीची फ्रेम आणि आताची फ्रेम यांची तुलना करायची, सगळं दृश्य एका बाजूला सरकलंय का ते पाहायचं आणि तेवढी दुरुस्ती करायची. हा मार्ग भरवशाचा, पण संथ. आधी चित्र यायला हवं, मग गणित, मग दुरुस्ती.

आपल्या डोक्यातही हेच दोन मार्ग आहेत. जायरोस्कोप म्हणजे आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका. डोकं वळलं की त्यांच्यातलं पाणी मागे रेंगाळतं, केसासारखे बारीक तंतू असलेल्या पेशी वाकतात, आणि दहा मिलिसेकंदांच्या आसपास डोळे उलट्या दिशेने फिरायला लागतात. दुसरा मार्ग डोळ्याचा स्वतःचा. पडद्यावरचं अख्खं दृश्य सरकू लागलं, तर डोळे त्याच्या मागे जाऊन ते थांबवतात. पण दृष्टिपटलाला प्रकाशाचा अर्थ लावायलाच वेळ लागतो, त्यामुळे या मार्गाला पाऊणशे मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त लागतात. मान झटकन वळली तर तोवर उशीर झालेला असतो. पहिल्या प्रयोगात अक्षरं पुसली गेली ती म्हणूनच. फोन हलत होता, डोकं नव्हतं. कान गप्प होता आणि डोळे एकटे पडले होते.

*

कानाचा मार्ग आधी सापडला. फुगडी घालून थांबल्यावर जग फिरत राहतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही मुलीला ठाऊक असतं. त्या गिरकीचा उगम कानात आहे, हे मात्र बराच काळ कोणाला ठाऊक नव्हतं. १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये पिएर फ्लुराँस यांनी कबुतरांच्या कानातली एकेक नलिका कापून पाहिली. पक्षी बहिरे झाले नाहीत, पण ज्या पातळीतली नलिका कापली त्याच पातळीत डोकं भेलकांडू लागलं. १८७०च्या दशकात माख, ब्रॉयर आणि क्रम ब्राऊन या तिघांनी वेगवेगळं काम करून या नलिका डोक्याचं वळणं मोजतात हे मांडलं.

मग आले व्हिएन्नाचे रॉबर्ट बारानी. रुग्णाचा कान धुताना पाणी गार असलं तर त्याला चक्कर येते आणि डोळे एका बाजूला झटके देतात, पाणी जास्त गरम असलं तर उलट्या बाजूला, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातून कानाचा तोल तपासायची पद्धत निघाली. १९१४ सालचं नोबेल त्यांना मिळालं. त्याची बातमी कळली तेव्हा ते रशियाच्या युद्धकैद्यांच्या छावणीत होते.

डोळ्याच्या मार्गाची गोष्ट मात्र आमच्या रेल्वेलाइनशी जवळीक सांगणारी आहे.

बोहेमियाचे यान पुर्किन्ये यांनी १८२५च्या सुमारास घोडदळाचं संचलन पाहणाऱ्या लोकांकडे पाहिलं. म्हणजे सगळे घोडे पाहत असताना हा माणूस बघ्यांचे डोळे पाहत होता. ते डोळे एका घोडेस्वाराबरोबर हळू सरकत, मग झटक्यात मागे येऊन पुढच्या स्वाराला पकडत. पुढे आगगाडी आली आणि हे दृश्य रोजचं झालं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी दृष्टीवरच्या आपल्या प्रचंड ग्रंथात गाडीच्या खिडकीतून बाहेर पाहणाऱ्या प्रवाशांच्या डोळ्यांची हीच चाल नोंदवली. तो ग्रंथ पूर्ण झाला १८६७ साली. त्याच वर्षी १२ एप्रिलला विरारहून बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली. पुढे डॉक्टरांनी डोळ्यांच्या या चालीला 'रेल्वे निस्टॅग्मस' असंच नाव दिलं.

नायगाव ते भाईंदर या पट्ट्यात, खाडीच्या पुलाआधी, मी हे कितीतरी वेळा पाहिलंय. खिडकीत एखादं मूल असतं. बाहेर मिठागरं, विजेचे खांब, मग पाणी. मुलाचे डोळे एका खांबाला धरून मागे जातात आणि टुणकन परत येतात. पुन्हा धरतात, पुन्हा परत. मुलाला याचा पत्ताही नसतो. त्याला विचारलं तर सांगेल, मी नुसता बाहेर बघतोय.

*

आता तारांकडे येऊ. डोळ्यातून मेंदूकडे निघणाऱ्या जाड केबलमध्ये माणसात सुमारे दहा लाख तंतू असतात. त्यातले बहुतेक पाहण्यासाठी असतात. चेहरे, अक्षरं, रंग. पण थोडेसे तंतू वाटेत वेगळे होऊन मेंदूच्या खोडातल्या काही छोट्या ठाण्यांकडे जातात. त्यांचा 'काय दिसतंय' याच्याशी संबंध नाही. त्यांचा एकच प्रश्न असतो: चित्र सरकतंय का, आणि कुठे?

हा फाटा शोधण्यात बर्नहार्ड फॉन गुडेन यांचं नाव मोठं आहे. त्यांची पद्धत क्रूर पण सोपी होती. नुकत्याच जन्मलेल्या सशाचा एक डोळा काढायचा, ससा मोठा झाला की मेंदूत कुठली दोरी सुकली ते पाहायचं. जी सुकली ती त्या डोळ्याची. १८७० आणि १८८०च्या दशकांत या मार्गाने त्यांनी मेंदूच्या तळाशी आडवी जाणारी एक बारीक दोरी डोळ्याशी जोडलेली दाखवली. गुडेन वेड्यांचे डॉक्टर म्हणूनही प्रसिद्ध होते. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग त्यांचा रुग्ण होता आणि १३ जून १८८६ला दोघेही तळ्यात मृत सापडले. इतिहासात ते त्या मृत्यूमुळे राहिले. ती बारीक दोरी पुढे पाऊणशे वर्षांहून जास्त काळ जवळजवळ अडगळीत पडली.

तिचं काम काय, हे उलगडायला सुरुवात झाली १९६०च्या दशकात. होरेस बार्लो (हे चार्ल्स डार्विनचे पणतू) आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सशाच्या दृष्टिपटलातच अशा पेशी सापडल्या, ज्या एका दिशेला सरकणाऱ्या चित्राला जोरात उत्तर देतात आणि उलट्या दिशेला गप्प बसतात. म्हणजे 'दिशा' हे मेंदूत खोलवर होणारं गणित नाही, ते डोळ्यातच होतं. १९६७ साली क्लाइड ऑयस्टर आणि बार्लो यांनी या पेशींच्या आवडत्या दिशा मोजल्या. एका गटाच्या दिशा चार निघाल्या. दुसऱ्या गटाच्या तीनच. या तीन दिशांवाल्या पेशींना संथ सरकणं आवडतं, आणि गुडेनच्या त्या दोरीतून जाणाऱ्या त्याच, हे हळूहळू स्पष्ट झालं.

तीनच का? कारण कानात नलिकाही तीनच आहेत. पुढच्या काळात जेरी सिम्प्सन आणि इतरांनी दाखवलं की डोळ्याच्या या तीन दिशा कानाच्या तीन नलिकांच्या पातळ्यांशी जुळतात. मी इंजिनिअर आहे म्हणून असेल, पण हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो. दोन वेगळे सेन्सर, एक पाण्यावर चालणारा, एक प्रकाशावर, आणि दोघांचा अक्ष एकच! म्हणजे मेंदूला भाषांतर करावं लागत नाही. कान म्हणतो, 'इतकं वळलं.' डोळा म्हणतो, 'अजून इतकं सरकतंय, तुझं माप कमी पडलं.' आणि ही तक्रार लहान मेंदूकडे जाऊन कानाचं माप सुधारलं जातं. नव्या नंबरचा चष्मा लावल्यावर दोन दिवस जमीन पोहल्यासारखी वाटते आणि मग सगळं ठीक होतं, तेव्हा हेच चालू असतं.

*

आणि आता तो खांब.

दोन वर्षांपूर्वी कामासाठी या विषयावर वाचत असताना १९५२ सालचा एक लेख हाती लागला. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका डॉक्टरने स्वतःवरच लिहिलेला. लेखकाच्या नावाच्या जागी फक्त 'जे. सी.' ही अक्षरं. गुडघ्याच्या क्षयासाठी त्याला स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं दिली होती. क्षय हटला, पण कानातल्या तोलाच्या पेशी मेल्या. दोन्ही बाजूंच्या. मग त्याला चालताना समोरच्यांचे चेहरे ओळखू येईनात, पाट्या वाचता येईनात. थांबलं तरच दिसे. छातीशी कॅमेरा धरून चालताना घेतलेल्या चित्रपटासारखं जग दिसतं, असं तो सांगतो. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी तो माझ्याच टीमची डोकेदुखी वर्णन करत होता.

सुरुवातीच्या दिवसांत तर त्याला अंथरुणात पडूनही वाचता येत नव्हतं. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला डोकं जे कणभर हलतं, तेवढ्यानेही अक्षरं उडत. त्यावर त्याने उपाय काढला. पलंगाच्या उशाकडच्या दोन लोखंडी गजांच्या मध्ये डोकं अडकवायचं आणि मग वाचायचं.

ते वाक्य वाचून मी लॅपटॉप बंद केला. माझ्या डोळ्यांसमोर ओटीवरचा तो खांब होता.

त्या रविवारी मी आजीकडे जाऊन बसलो. आजोबांना टीबी झाला होता एवढं मला माहीत होतं. १९७४ साल. ते परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. खोकला, रात्रीचा ताप, वजन उतरलेलं. "सुया दिल्या," आजी म्हणाली. "रोज एक. तीन महिने. बसायला जागा राहिली नव्हती." तिने ट्रंकेतून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. लग्नपत्रिका, जमिनीची जुनी पावती, आणि कडा झिजलेलं एक उपचाराचं कार्ड. त्यावर निळ्या शाईत औषधाचं नाव आणि तारखांपुढे बरोबरच्या खुणा. औषध तेच होतं. स्ट्रेप्टोमायसिन.

"दुसऱ्या महिन्यात म्हणाले, जमीन हलते," आजी सांगत होती. "मी म्हटलं अशक्तपणा आहे. डॉक्टरही तेच म्हणाले."

स्ट्रेप्टोमायसिनला वाईट ठरवणं सोपं आहे, पण ते खोटं ठरेल. १९४३ साली अमेरिकेतल्या रट्गर्स विद्यापीठात, वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत, आल्बर्ट शाट्झ या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मातीतल्या जिवाणूंपासून ते वेगळं केलं. त्याआधी क्षयावर चालणारं खरं औषधच नव्हतं. हवापालट, दूध-अंडी आणि नशीब. १९५२ साली, म्हणजे जे. सी.चा लेख आला त्याच वर्षी, वाक्समन यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. आधी पेनिसिलिन आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिनही तिथे बनू लागलं. या सुयांनी लाखो माणसं वाचवली. त्यातले एक माझे आजोबा. त्यानंतर ते पस्तीस वर्षं जगले, माझ्या वडिलांना शिकवलं, मला खांद्यावर बसवून केळीच्या वाडीत फिरवलं.

आणि त्याच सुयांनी, बहुधा, त्यांच्या कानातला जायरोस्कोप जाळला. तारा शाबूत राहिल्या, सेन्सर गेला. माणसात या पेशी पुन्हा येत नाहीत.

'बहुधा' म्हणतोय, कारण मी डॉक्टर नाही आणि ज्यांना तपासायचं ते आता नाहीत. तपासणी मात्र अवघ्या अर्ध्या मिनिटाची आहे. रुग्णाने डॉक्टरच्या नाकाकडे पाहायचं, डॉक्टरने त्याची मान अचानक थोडी वळवायची. कान ठीक असेल तर नजर नाकावरच राहते. नसेल तर डोळे मानेबरोबर वाहत जातात आणि मग झटक्यात परत येतात. यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. हाल्मागी आणि कर्थॉइस यांनी ही पद्धत १९८८ साली मांडली. तोवर आजोबांची नोकरी जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि नाव त्याहून आधी गेलं होतं.

*

ते रात्रीच का पडायचे, हा माझा पुढचा प्रश्न होता. त्याचं उत्तरही तारांमध्येच आहे.

माणूस उभा राहतो तो तीन आधारांवर. कान, डोळे आणि तळपायाची जाण. कान गेला तरी दिवसा, सपाट रस्त्यावर, बाकीचे दोन निभावून नेतात. अंग जरा कललं की समोरचं दृश्य सरकतं. ती खबर घेणाऱ्या पेशी संथ हालचालीत तरबेज असतात, आणि चालतानाचा तोलही पुष्कळसा संथच असतो. म्हणून आजोबा दिवसा ठीक असत. माणसं ओळखायला थांबावं लागे, एवढंच. पण दुसऱ्या पाळीची सुट्टी मध्यरात्रीच्या सुमारास. नायगावला उतरायचं, वाटेत दिवे नाहीत, शेताचा मऊ, उंचसखल बांध. अंधाराने डोळे काढून घेतले, बांधाने तळपाय. कान आधीच गेलेला. तीनही आधार संपले. अशा अवस्थेत कोणीही पडेल, आणि पाहणाऱ्याला तो झिंगलेलाच दिसेल.

"प्यायचे का?" मी आजीला सरळ विचारलं.

"सणासुदीला घ्यायचे. खोटं कशाला सांगू?" ती म्हणाली. "पण पडायचे त्या रात्री तोंडाला वास नसायचा. मी जवळून बघायची ना."

ती कंदील घेऊन जायची. तिला दृष्टिपटल, नलिका, यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने एवढंच पाहिलं होतं की उजेड असला की हा माणूस नीट चालतो. कंदील आपल्या पायाशी नाही, त्यांच्या पुढे, जरा उंच धरायचा, म्हणजे दोन्ही बाजूंची झाडं दिसतात, हेही तिचं तिनेच शोधलं होतं. पायाशी उजेड पडला तर नुसतं पाऊल दिसतं. झाडं दिसली तर आपण कुठे कलतोय ते कळतं. प्रयोगशाळेत ससा किंवा उंदीर यांच्याभोवती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पिंजरा उभा करून जे तपासतात, ते माझी आजी उमेळ्याच्या बांधावर रोज करत होती.

*

या तारा जोडतं कोण, हा प्रश्न अलीकडचा आहे आणि त्याची उत्तरं अजून येताहेत. गर्भात लाखो तंतू एकाच वेळी डोळ्यातून निघतात. त्यातल्या 'वर सरकलं' सांगणाऱ्या तंतूला आपलं ठाणं कसं सापडतं?

२०११ साली जर्मनीत ब्रिगमन, हेल्मश्टेटर आणि डेंक यांनी उंदराच्या दृष्टिपटलाचा एक तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कापाकापाने पाहून एकेक जोडणी मोजली. दिशा ओळखणाऱ्या पेशीला गप्प करणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या पेशी असतात, त्यांच्या चहूकडे फांद्या. पण जोडणी सगळ्या फांद्यांशी होत नाही. जी फांदी नको असलेल्या दिशेकडे रोखलेली, तिच्याशीच प्रामुख्याने होते. दिशेचं ज्ञान म्हणजे बाकी काही नाही, कोणाशी जोडायचं आणि कोणाशी नाही याची शिस्त.

२०१५ साली अमेरिकेतल्या दोन गटांनी पुढची पायरी दाखवली. जेरेमी नाथन्स, अ‍ॅलेक्स कोलोडकिन आणि सहकाऱ्यांना सेमाफोरिन-६ए हे प्रथिन या तंतूंवर सापडलं आणि त्याचे जोडीदार, प्लेक्सिन, मुक्कामाच्या ठाण्यात. अ‍ॅण्ड्र्यू ह्यूबरमन यांच्या गटाने दुसऱ्या ठाण्यासाठी काँटॅक्टिन-४ हे वेगळं प्रथिन शोधलं. कुलूप एकीकडे, किल्ली दुसरीकडे. सेमाफोरिन काढून टाकलेल्या उंदरांत तंतू ठाण्यात नीट रुजेनात आणि सरकत्या पट्ट्यांमागे डोळे नीट जाईनात.

माणसातही असा पुरावा आहे. एफआरएमडी-७ या जनुकात बिघाड असलेल्यांचे डोळे लहानपणापासून आडवे थरथरत राहतात, हे २००६ साली कळलं. अनेकांना शाळेत 'नीट बघ' म्हणून ओरडा खावा लागतो. २०१६ साली योनेहारा, रोश्का आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या लोकांचे डोळे आडव्या सरकणाऱ्या पट्ट्यांमागे जातच नाहीत, उभ्या सरकणाऱ्यांमागे जातात. त्याच जनुकाच्या उंदरांत त्या तारापेशींची एकतर्फी जोडणी बिघडलेली होती. म्हणजे ही माणसं हट्टी नाहीत, लक्ष न देणारी नाहीत. एका दिशेची वायरिंगच झालेली नाही.

हे सगळं वाचताना माझ्या मनात एकच गोष्ट येत राहिली. या इतिहासात प्रत्येक पाऊल कोणीतरी दुसऱ्याच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं म्हणून पडलं. पुर्किन्येने बघ्यांकडे, बारानीने कान धुवून घेणाऱ्यांकडे. आणि आमच्या गावाने आजोबांकडे पाहिलं तेव्हा त्यांचे पाय पाहिले, डोळे पाहिलेच नाहीत.

*

मी वडिलांना हे सांगितलं तेव्हा आम्ही जेवत होतो. कार्ड दाखवलं, फोन हलवायचा प्रयोग करायला लावला. त्यांनी मान हलवून वाचून पाहिलं, दोनदा. मग ताटातला भात तसाच ठेवून उठले, हात धुतला आणि बाहेर जाऊन बसले.

बऱ्याच वेळाने मी गेलो. ते म्हणाले, "मी आठवीत होतो. आई आजारी होती म्हणून मला पाठवलं कंदील घेऊन. वर्गातली मुलं चिडवायची, बेवड्याचा मुलगा. मला राग होता. बांधाच्या मध्यावर आल्यावर मी मुद्दाम कंदील घेऊन पुढे पळालो. मागे धपकन आवाज आला. मी वळलो नाही."

मी काही बोललो नाही.

"घरी आले तेव्हा अंगभर चिखल," ते म्हणाले. "मला काहीच बोलले नाहीत. पाय धुतले, खांबाला टेकून बसले."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "ते जे. सी.चं काय झालं पुढे?"

"शिकला तो," मी म्हणालो. "डोळ्यांवर आणि पायांवर भागवायला."

"हां," वडील म्हणाले. "बाबाही शिकलेच की. आम्ही कोणी शिकलो नाही."